आवरणे आणि सावरणे : पाण्याच्या आणि नियंत्रणाच्या मराठी परिभाषेविषयी

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या वर्तमानपत्रांत दोन प्रकारची वाक्ये हटकून छापली जातात. ‘राधानगरीचे चार स्वयंचलित दरवाजे उघडले’ हे एक, आणि ‘कोयनेचे सहा वक्र दरवाजे उघडण्यात आले’ हे दुसरे. वाचणारा दोन्हींतून एकच गोष्ट घेतो : नदीचे पाणी वाढणार. यंत्राच्या दृष्टीने मात्र या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. राजर्षी शाहूंच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठरावीक पातळीला पोचला की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. तिथे वीज लागत नाही, कुणाचा हुकूम लागत नाही. कोयनेचे दरवाजे माणसे उचलतात. किती फूट उचलायचे आणि केव्हा, हे आधी ठरते. ते ठरवणारे कुणीतरी असते.

मराठी क्रियापदात हा भेद दाखवण्याची सोय आहे, पण ती निसरडी आहे. ‘उघडणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘दरवाजा उघडला’ म्हटले की वाऱ्याने उघडला, आपोआप उघडला की कुणी उघडला, हे वाक्य सांगत नाही. ‘उघडण्यात आला’ या सरकारी वळणाच्या प्रयोगात कुणीतरी उघडला एवढे कळते, कोणी ते झाकलेलेच राहते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, त्यानंतरचा वाद नेमका या हरवलेल्या कर्त्याविषयी होता. पाणी कोणी सोडले, केव्हा सोडले, आधी का सोडले नाही? ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्या दृष्टीने हा व्याकरणाचा किस नव्हता.

जलयांत्रिकी आणि नियंत्रण अभियांत्रिकी ही दोन शास्त्रे अशा दरवाज्यापाशी एकत्र येतात. एक शास्त्र पाणी कसे वाहते ते सांगते. दुसरे सांगते की वाहत्या, बदलत्या गोष्टीला हव्या त्या मोजमापाजवळ कसे ठेवावे. या दोहोंच्या मराठी परिभाषेकडे पाहिले तर एक विसंगती दिसते. पाण्याचे शब्द मराठीत बऱ्यापैकी रुजले आहेत. नियंत्रणाचे शब्द कोशात आहेत, पण त्यांच्यात जीव नाही. याचे नेहमीचे कारण ‘संस्कृतप्रचुरता’ असे दिले जाते. ते कारण मला अपुरे वाटते. माझ्या मते अडचण शब्दांच्या कुळात नसून कल्पनेत आहे : जे शास्त्र सावरण्याचे आहे, ते आपण आवरण्याचे समजून मराठीत आणले.

रुजलेल्या शब्दांपासून सुरुवात करू. ‘सांडवा’ हा शब्द पाहा. धरण भरले की जादा पाणी जिथून सांडते तो सांडवा. शब्दातच त्याचे काम आहे. ‘उपसा सिंचन’मधला ‘उपसा’ तसाच. उपसणे हे क्रियापद विहिरीपासून हौदापर्यंत घरोघरी होते, अभियंत्यांनी ते उचलले आणि नदीवरच्या पंपांना लावले. ‘पाणलोट’ हा शब्द तर इतका नेमका आहे की डोंगरउतारावरून लोटणारे पाणी आणि ते ज्या क्षेत्रातून येते ते क्षेत्र, दोन्ही त्यात मावतात. आता या यादीत ‘आवर्तन’ ठेवू. कालव्याला ठरावीक मुदतीने पाणी सोडण्याच्या पाळीला हा शब्द आहे. शुद्ध संस्कृत. अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, तबल्यावर तालाची आवर्तने होतात, आणि अहिल्यानगर किंवा सोलापूरकडचा ऊसवाला शेतकरी ‘यंदा उन्हाळ्यात दोनच आवर्तनं मिळणार’ असे चिंतेने म्हणतो. त्याला शब्द जड वाटत नाही.

म्हणजे देशी शब्द जगतो आणि संस्कृत शब्द मरतो, हे खरे नाही. ‘आवर्तन’ जगले, कारण त्या शब्दाच्या दोन्ही टोकांना माणसे होती. एका टोकाला कालव्याचे वेळापत्रक काढणारा शाखा अभियंता, दुसऱ्या टोकाला त्या वेळापत्रकावर पीक अवलंबून असलेला शेतकरी. दोघांनी तो हंगामामागून हंगाम वापरला, त्यावरून भांडले, अर्ज केले. परिभाषा अशी भांडून घटवावी लागते.

याहून चांगले उदाहरण ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ यांचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. नदीकाठच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. कोश न पाहता कळणारे हे शब्द आहेत, आणि पाणी तिथवर आले की काय करायचे ते त्यांतच सुचवलेले आहे : आधी सावध व्हायचे, मग निघायचे. याउलट ‘कोयनेतून पन्नास हजार क्युसेक विसर्ग’ हे वाक्य अर्धवट रुजलेले आहे. विसर्ग म्हणजे सोडणे, हे बरोबर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, हेही बरोबर. पण धरणातला साठा टीएमसीत सांगितला जातो, विसर्ग क्युसेकमध्ये आणि नदीची उंची फुटांत, आणि या तिघांचा सांधा सहसा कुणी जोडून देत नाही. तो अवघड नाही. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. सुमारे ११,५७४ क्युसेक विसर्ग अखंड चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी पाणी बाहेर पडते. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, हे याशेजारी ठेवले की पन्नास हजार क्युसेकने दिवसभरात सव्वाचार टीएमसीच्या आसपास साठा हलतो, हे कोणालाही कळेल. इथे नवा शब्द नको आहे. आहेत त्या शब्दांची आपसांतली नाती सांगणारे एक वाक्य हवे आहे.

परिभाषा घडवणाऱ्यांचे लक्ष या नात्यांकडे कमी आणि व्युत्पत्तीकडे जास्त राहिले. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा शाखांचे परिभाषा कोश सिद्ध केले. मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आला. हे काम मोठे होते आणि त्याची टिंगल करणे सोपे आहे, म्हणून ती टाळली पाहिजे. संस्कृत धातूवरून शब्द केला की त्याचे कुटुंब मिळते, हा त्यांचा विचार बरोबर होता. नियंत्रणापासून नियंत्रक, नियंत्रित, अनियंत्रित असे शब्द विनासायास निघतात. ‘ताबा’ किंवा ‘लगाम’पासून निघत नाहीत.

त्या पिढीने कधी कधी फार सूक्ष्म कानही दाखवला. द्रव आणि वायू या दोहोंना मिळून एक शब्द हवा होता. हिंदीने ‘तरल’ घेतला. मराठीत तो घेता आला नाही, कारण मराठी समीक्षेने तो आधीच व्यापला होता. आपल्याकडे कविता तरल असते, भाववृत्ती तरल असते. पाइपातले तेल तरल म्हटले की वाचक थबकतो. म्हणून ‘द्रव’ आणि ‘वायू’ यांची टोके जोडून ‘द्रायू’ झाला आणि विश्वकोशात ‘द्रायुयामिकी’ अशी नोंद आली. शब्द चतुर आहे. पण कोशाबाहेर त्याला दुसरे टोकच मिळाले नाही. ट्रॉलीचा जॅक दुरुस्त करणारा द्रायू म्हणत नाही, आणि त्याला तो म्हणायला लावण्याचे कारणही कुणी निर्माण केले नाही. तो ‘हायड्रॉलिक’ म्हणतो.

‘हायड्रॉलिक’ला मराठी प्रतिशब्द करताना एक आक्षेप नेहमी निघतो : जॅकमध्ये तेल असते, मग ‘जल’ कसे म्हणावे? म्हणून ‘द्रवचालित’. आक्षेप काटेकोर आहे, पण इंग्रजीने तो कधीच मनावर घेतला नाही. हायड्रॉलिक हा शब्द ग्रीकमधल्या पाणी आणि नळी किंवा पावा या अर्थाच्या शब्दांवरून आला. पाण्याच्या जोरावर वाजणाऱ्या वाद्याशी त्याचे नाते आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले तेव्हा त्यात पाणी होते. पुढे तेल आले, नाव तेच राहिले. आपण मात्र शब्दाने स्वतःची व्याख्या सोबत बाळगावी अशी अपेक्षा करतो. इतके ओझे कुठल्याच भाषेतल्या शब्दाला पेलत नाही.

शब्दशः भाषांतराचे तोटे याच वृत्तीतून येतात. पंपाच्या संदर्भात ‘हेड’ म्हणजे पाणी किती उंच चढवता येते ती उंची. त्याला ‘शीर्ष’ म्हटले की इंग्रजीतले डोके मराठीत आले, उंची राहून गेली. शेतकरी ‘हेड’च म्हणतो, आणि विचारताना ‘पाणी किती चढवायचंय?’ असे विचारतो. व्याख्या त्या प्रश्नात आहे. ‘झडप’ हा शब्द हृदयात शोभतो, कारण तिथे खरोखर पडदा उघडझाप करतो. पण चाक फिरवून बंद करायच्या नळावरच्या व्हॉल्व्हला तो तितका बसत नाही. मुंबईत वस्त्यांना वेळेवर पाणी सोडणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याला लोक ‘चावीवाला’ म्हणतात. यंत्राचे नाव बाजूला ठेवून ते चालवणाऱ्या हाताला लोकांनी नाव दिले, आणि त्या नावात पाण्यावर सत्ता कोणाची हेही आले.

इथवर आले की लोकभाषेकडे परत जाण्याचा मोह होतो. तोही तपासला पाहिजे. मोटेचे उदाहरण घेऊ. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतरणीवर चालतात ती धाव आणि पाणी जिथे पडते ते थारोळे. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सोंदूर खालच्या रुळावरून. त्यामुळे मोट काठावर आली की सोंड आपोआप बाहेर ओढली जाऊन थारोळ्यात रिती होते. बैल हाकणाऱ्याला जागचे हलावे लागत नाही. योग्य जागी, योग्य क्षणी आपोआप उघडणारी ही यंत्रणा आहे, आणि ती नुसत्या दोरांच्या मांडणीतून साधली आहे. मराठीत तिच्या प्रत्येक भागाला नाव आहे. ‘आपोआप योग्य वेळी उघडणे’ या तत्त्वाला मात्र नाव नाही. त्यामुळे मोट गेली तेव्हा नाडा-सोंदूर हे शब्दही गेले. मागे काही उरले नाही. लोकभाषेकडे वस्तूंची नावे होती, तत्त्वाचे नव्हते. कोशाकडे तत्त्वांची नावे आहेत, पण त्यांना वस्तू चिकटलेली नाही. दोघांचा दोष एकमेकांच्या उलट आहे.

तत्त्वाचे नाव म्हणून आपण ‘नियंत्रण’ घेतले. शब्द ‘यम्’ या धातूचा आहे. यंत्र, नियम, संयम हे त्याचेच भाऊबंद. संस्कृतात ‘नियन्ता’ म्हणजे सारथीसुद्धा. सारथ्याच्या हातात लगाम असतो, तो घोड्याला रोखतो आणि वळवतोही. गंमत अशी की युरोपातही हीच कल्पना आहे. नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये आपल्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले ते ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्यावरून. इंजिनाच्या ‘गव्हर्नर’चे मूळही त्याच शब्दात आहे. म्हणजे तिकडे नावाडी, इकडे सारथी.

मराठी वापरात मात्र सारथ्याचा एकच हात शिल्लक राहिला. कीड नियंत्रण, दंगल नियंत्रण, गर्दी नियंत्रण, प्रदूषण नियंत्रण : सगळीकडे अर्थ रोखणे, दडपणे, कमी करणे. ‘पूरनियंत्रण’ म्हटले की पूर बांधून ठेवता येतो असा भास होतो. हे सगळे आवरणे झाले. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला जो गव्हर्नर बसवला, तो यापेक्षा वेगळे काही करतो. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते. वेग घटला की गोळे आत येतात आणि वाफ वाढते. तो रोखतो आणि सोडतोही. सायकल शिकणाऱ्या मुलामागे धावताना आपण ‘आवर, आवर’ म्हणत नाही. ‘सावर, सावर’ म्हणतो. हँडल घट्ट आवळून धरणारा मुलगा पडतो. ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला क्षणोक्षणी थोडे वळवणारा चालत राहतो. नियंत्रण अभियांत्रिकीचा गाभा हा आहे, आणि त्यासाठी मराठीत इतके अचूक क्रियापद असताना ते परिभाषेच्या जवळपासही आले नाही.

कल्पना निसटली की पुढचे शब्द कसे कोलमडतात ते ‘फीडबॅक’च्या नशिबावरून दिसते. कोशातला शब्द ‘प्रत्याभरण’. ‘फीड’चे भरण आणि ‘बॅक’चे प्रति, पण मराठी कानाला त्यात ‘आभरण’ ऐकू येते आणि आभरण म्हणजे दागिना. हिंदीतला ‘पुनर्भरण’ घ्यावा तर तो आपल्याकडे विहिरीच्या पुनर्भरणात गुंतलेला आहे. ‘प्रतिपुष्टी’ घ्यावा तर मराठीत पुष्टी बातमीला मिळते. शिक्षणक्षेत्रात ‘अभिप्राय’ आणि ‘प्रतिसाद’ चालतात; पण प्रतिसाद तर यंत्राने दिलेल्या कोणत्याही उत्तराला म्हणावे लागते, मग फीडबॅकसाठी काय उरले?

खरी दुर्दशा पुढे आहे. ‘निगेटिव्ह फीडबॅक’चे हल्ली ‘नकारात्मक अभिप्राय’ होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की कुणीतरी नावे ठेवली. वास्तविक यंत्राच्या जगात हाच प्रकार तारणहार आहे. गच्चीवरच्या टाकीतला तरंगणारा गोळा पाहा. पाणी चढते तसा गोळा चढतो आणि आत येणारे पाणी कमी करतो. पाणी उतरले की पुन्हा वाट मोकळी करतो. जे घडले त्याच्या उलट दिशेने सुधारणा, एवढाच ‘निगेटिव्ह’चा अर्थ. ‘पॉझिटिव्ह’ प्रकारात वाढीने वाढच होते आणि यंत्र हाताबाहेर जाते. ‘सकारात्मक’ म्हणून आपण ज्याला शाबासकी देतो तो इथे बहुधा घात करणारा निघतो. ‘ऋण’ आणि ‘धन’ हे गणिती शब्द त्यातल्या त्यात निर्दोष, पण चित्र उभे करत नाहीत. माझी सूचना अशी की ‘प्रत्याभरण’ खुशाल ठेवावे, मात्र त्याला विशेषणे क्रियापदांची द्यावीत : सावरते प्रत्याभरण आणि चढते प्रत्याभरण. चढत्या व्याजाची आणि चढत्या तापाची आपल्याला ओळख आहे. चढते प्रत्याभरण काय करील हे विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही.

‘स्थिर’ या शब्दाची गल्लतही याच मुळातून आली आहे. न हलणारे पाणी स्थिर, न बदलणारी संख्या स्थिरांक, काळाबरोबर न बदलणारा प्रवाह स्थिर, आणि धक्का बसला तरी पूर्वपदावर येणारी यंत्रणाही स्थिर. चार वेगळ्या कल्पना एका विशेषणाखाली कोंबल्या आहेत. त्यात ‘स्थिर प्रवाह’ ऐकणाऱ्याला वाहणारे पाणी थांबल्याचा भास होतो. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरवर निबंध लिहिला, त्यातला प्रश्न चौथ्या अर्थाचा होता : धक्क्यानंतर हेलकावे विरतील की वाढत जातील? हेलकावे आहेत म्हणून यंत्रणा अस्थिर ठरत नाही. ते विरत नसतील तर ठरते. स्थैर्य म्हणजे निश्चलता अशी समजूत घेऊन आलेला विद्यार्थी इथे पहिल्याच पायरीवर घसरतो. न हलणाऱ्याला ‘निश्चल’, न बदलणाऱ्या प्रवाहाला ‘एकसारखा’ आणि पूर्वपदावर येणाऱ्याला ‘सावरणारा’ म्हटले तर अर्धा गोंधळ मिटेल.

हे आता लिहिण्याचे कारण आहे. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्याची वाट अधिकृतपणे उघडली आहे आणि मराठीतही पाठ्यपुस्तके होऊ लागली आहेत. कोशातून शब्द उचलून इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यात बसवणे हा सगळ्यांत झटपट मार्ग, आणि संगणकी भाषांतराने तो आणखी झटपट झाला आहे. त्या मार्गाने तयार होणारे पुस्तक मराठी लिपीत असेल. ते समजण्यासाठी विद्यार्थ्याला मनातल्या मनात पुन्हा इंग्रजीत जावे लागेल. खेड्यातून आलेल्या ज्या मुलासाठी हा खटाटोप, त्याच्यावर दुप्पट ओझे पडेल. आणि मग ‘मराठीत शास्त्र शिकवता येत नाही’ असा निष्कर्ष काढणारे तयारच आहेत.

या भूमीला हे शास्त्र परके नाही. विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसले. त्याच खडकवासल्यात आज नद्या-धरणांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचा उगम १९१६ चा. शतकाहून अधिक काळ आपल्या डोळ्यांदेखत दरवाजे पातळी ओळखून उघडमीट करत आले आहेत आणि आपण त्यांना ‘स्वयंचलित’ एवढेच म्हणतो. चालणे हा त्यांचा विशेष नाही, पंखाही चालतो. पातळी बिघडली की ती ओळखून स्वतःला बदलणे हा त्यांचा विशेष आहे. असे दरवाजे ‘स्वयंनियामक’ म्हणावेत की आणखी काही, यावर मतभेद होऊ शकतात. पण मराठी पाठ्यपुस्तकात नियंत्रणाचा पहिला धडा राधानगरीच्या दरवाज्याने, मोटेच्या सोंडेने किंवा गच्चीवरच्या गोळ्याने सुरू व्हावा, यावर मतभेद नसावा. वस्तू आधी दाखवावी, तिचे क्रियापद मग सांगावे, कोशातला शब्द शेवटी द्यावा. या क्रमाने आलेला शब्द कितीही जड असला तरी पेलतो. ‘आवर्तन’ शेतकऱ्याला पेललेच की.